महाविष्णू ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी : मात्रा, माणसे आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन

नाट्यसंगीत, अभंग, भावगीते आणि अधूनमधून एखादी ख्यालाची मैफल यांवर ज्यांचा कान तयार झाला आहे, अशा श्रोत्यांसाठी हा लेख लिहीत आहे. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये उभा राहिलेला महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड असा श्रोता पहिल्यांदा लावतो, तेव्हा बहुधा पाच-सात मिनिटांत बंद करतो. ड्रमचा मारा, गिटारचा कर्कश वाटणारा आवाज, हातात न येणारी लय आणि या सगळ्यातून मध्येच वर येऊन पुन्हा नाहीसे होणारे व्हायोलिन, असे सारे एकदम अंगावर येते. माझेही असेच झाले होते आणि पुढची दोन वर्षे मी त्या वाटेला गेलो नाही. लहानपणी चार-पाच वर्षे तबला शिकलो होतो. एका संध्याकाळी सहज म्हणून या बँडच्या एका रचनेबरोबर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजून पाहिल्या आणि सातव्या मात्रेनंतर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, अचूक सापडली. त्या क्षणापासून हे संगीत माझ्यासाठी उलगडत गेले. रॉक, जॅझ, ब्लूज, युरोपीय अभिजात संगीत आणि भारतीय लयविचार यांचा हा मेळ समजायला पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागत नाही. मोजणारा हात आणि व्हायोलिनचा माग धरणारा कान एवढे पुरते. ते कसे करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि वाटेत कुठे फसायला होते, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवातीला काय जवळ असावे

- पूर्ण कान झाकणारे हेडफोन, किंवा डावा-उजवा असे दोन वेगळे स्पीकर. फोनच्या स्पीकरवर बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मात्रा मोजताना खरा आधार बासचाच असतो.
- एक वही आणि पेन. रचनेचे नाव, मोजलेल्या मात्रा आणि व्हायोलिन कितव्या मिनिटाला पुढे येते, एवढ्या नोंदी पुरेत.
- ध्वनिमुद्रण सूर न बदलता सावकाश वाजवता येईल असे कोणतेही ॲप. पाऊणपट वेग पुरतो.
- अल्बमची श्रेयनामावली, म्हणजे कोणत्या रचनेत कोण काय वाजवतो याची यादी. जुन्या रेकॉर्डच्या वेष्टणावर ती छापलेली असते. ॲपवर ऐकणार असाल तर ती आधी शोधून वहीत उतरवून घ्या.
- सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा मोकळा वेळ. काम करताना मागे लावून ठेवण्याचे हे संगीत नाही.

आवाजाबद्दल एक सूचना आधीच देतो. या बँडच्या अल्बममध्ये अगदी हळू जागा आणि अतिशय जोरकस जागा लागोपाठ येतात. हळू जागा ऐकू याव्यात म्हणून आवाज वाढवलात, तर पुढचा भाग कानाला त्रास देईल. जोरकस भागाला सोसेल एवढाच आवाज ठेवा. हळू भाग त्या पातळीवर ऐकायची सवय दोन दिवसांत होते.

१. नावामुळे होणारा गैरसमज आधी दूर करा

'महाविष्णू' हे नाव वाचून आपल्याकडचा श्रोता भक्तिसंगीताची अपेक्षा ठेवतो. बँडचे प्रमुख जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातील डॉनकॅस्टर येथे १९४२ साली जन्मलेले गिटारवादक. न्यूयॉर्कमध्ये ते बंगाली अध्यात्मगुरू श्री चिन्मय यांचे शिष्य झाले आणि 'महाविष्णू' हे नाव त्यांना गुरूंनी दिले. म्हणजे हे एका शिष्याला मिळालेले नाव आहे, आणि तेच पुढे बँडचे नाव झाले. पहिल्या संचाच्या संगीतात गायन नाही, शब्द नाहीत, नामस्मरणही नाही. सगळे वाद्यसंगीत आहे. मॅक्लॉफ्लिन यांची साधना खरी होती आणि तिचा परिणाम संगीतावर आहे, पण तो भजनाच्या रूपाने शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

याहून व्यवहारातला गोंधळ असा की, या एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळांत वेगवेगळे संच वाजले. पहिला संच १९७१ ते १९७३ या काळातला. १९७४-७५ मध्ये दुसरा, मोठा संच आला. १९७६ च्या 'इनर वर्ल्ड्स' या अल्बममध्ये व्हायोलिन नाही. १९८४ साली मॅक्लॉफ्लिन यांनी हेच नाव पुन्हा घेतले, पण त्या संचात व्हायोलिनच्या जागी सॅक्सोफोन आहे. मी पहिल्यांदा विकत घेतलेली सीडी नेमकी या शेवटच्या काळातली निघाली आणि व्हायोलिन कुठे आहे हे शोधण्यात माझे आठ दिवस गेले. म्हणून विकत घेताना किंवा ॲपवर निवडताना नुसत्या नावाकडे न पाहता साल पाहा. इलेक्ट्रिक व्हायोलिनसाठी येत असाल, तर १९७१ ते १९७५ हा काळ तुमचा.

२. पाच माणसे आणि त्यांची वाद्ये ओळखून घ्या

मैफलीला जाताना साथीला कोण आहे हे आपण विचारतो, तसेच येथेही करावे. पहिल्या संचातले पाचही जण वेगवेगळ्या मुलखांतून आलेले होते.

जॉन मॅक्लॉफ्लिन गिटार वाजवतात. त्या काळात ते बहुतेकदा दोन दांड्यांची गिटार वापरत, एक दांडी सहा तारांची आणि दुसरी बारा तारांची. झणझणीत, अनेक तारा एकदम छेडल्यासारखा आवाज आला की बारा तारांची दांडी चालू आहे असे समजावे. या बँडच्या आधी ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणांत वाजले होते. आणखी एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्यांची आई व्हायोलिन वाजवत असे. व्हायोलिनला या बँडमध्ये गिटारच्या बरोबरीची जागा मिळाली, त्याचे एक मूळ मला तिथे दिसते.

ड्रमवर बिली कोबम, जन्म पनामाचा, वाढलेले न्यूयॉर्कमध्ये. इलेक्ट्रिक पियानो आणि पुढे मिनीमूग सिंथेसायझरवर (विजेवर सूर निर्माण करणारे पट्ट्यांचे वाद्य) यान हामर, प्राग शहरातले. बास गिटारवर रिक लेर्ड, डब्लिनमध्ये जन्मलेले. व्हायोलिनवर जेरी गुडमन, शिकागोचे. ते आधी 'द फ्लॉक' नावाच्या रॉक बँडमध्ये होते. मॅक्लॉफ्लिन यांच्या मनात आधी फ्रेंच व्हायोलिनवादक जाँ-लुक पाँटी यांचे नाव होते, पण ते त्या वेळी जमले नाही. पाँटी दुसऱ्या संचात आले. त्यामुळे दोन फार वेगळ्या हातांचे व्हायोलिन आपल्याला ऐकायला मिळते. त्याविषयी पुढे येईलच.

३. पहिली रचना ड्रम नसलेली निवडा

बहुतेक जण पहिला अल्बम लावतात आणि पहिल्या रचनेपासून सुरुवात करतात. 'द इनर माउंटिंग फ्लेम' या १९७१ च्या अल्बमची सुरुवात इतकी जोरकस आहे की नव्या श्रोत्याची हिंमत तिथेच संपते. माझा सल्ला असा की, याच अल्बममधली 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' ही रचना आधी ऐका. तिच्यात ड्रम नाही, बासही नाही. विजेशिवायची साधी गिटार, पियानो आणि व्हायोलिन एवढेच आहे. ठेका नसल्यामुळे ती आलापासारखी मोकळी वाटते, आणि तिघेही एकमेकांचे वाक्य संपायची वाट पाहत बोलल्यासारखे वाजवतात.

ही रचना तीन वेळा ऐका. पहिल्यांदा काही न करता. दुसऱ्यांदा फक्त व्हायोलिनकडे लक्ष ठेवून. तिसऱ्यांदा व्हायोलिन थांबते त्या जागांकडे लक्ष द्या, कारण तिथे गिटार किंवा पियानो काय करतो यावरून या माणसांची आपसातली वागणूक कळते. गुडमन यांचा गज, त्यांचा कंप, सूर लांबवण्याची त्यांची पद्धत हे सगळे येथे उघडे ऐकू येते. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की नंतर गदारोळातही तो वेगळा काढता येतो. या पायरीला निदान दोन-तीन दिवस द्या. मी ती गाळली होती आणि म्हणूनच पुढे मला गिटार आणि व्हायोलिन यांच्यातला फरक ओळखायला फार वेळ लागला.

४. मात्रा मोजायला शिका

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

आपण लहानपणापासून ऐकलेली बहुतेक गाणी केरवा, दादरा किंवा भजनी ठेक्यातली असतात. त्यामुळे कोणतेही संगीत सुरू झाले की आपला पाय आपोआप चार-चारच्या किंवा तीन-तीनच्या हिशेबाने पडू लागतो. महाविष्णूच्या अनेक रचना या हिशेबात बसत नाहीत. पाय चुकत जातो आणि आपल्याला वाटते की हे लोक बेताल वाजवत आहेत. प्रत्यक्षात हिशेब चोख असतो, आवर्तन मात्र सात, नऊ, दहा, अठरा, एकोणीस अशा मात्रांचे असते.

मोजण्याची रीत अशी. आधी पाय पूर्ण थांबवा. मग बास गिटार किंवा गिटारचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आहे का, ते शोधा. तबलासोलोत पेटीवर नगमा चालू असतो आणि त्याच्या भरवशावर तबलजी वाटेल तिकडे जाऊन परत येतो, तेच काम येथे बहुधा बास करतो. रिक लेर्ड यांचे वाजवणे म्हणजे या बँडचा नगमा आहे. त्यांच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते, पण ते नसते तर बाकीच्या चौघांना इतके मोकळे फिरता आले नसते, असे माझे ठाम मत आहे. त्या तुकड्याचा पहिला आघात सम धरा. आता तुकड्यातली सर्वांत जलद चालणारी सारखी स्पंदने पेरांवर मोजत पुन्हा सम येईपर्यंत जा. तीन-चार आवर्तने एकच आकडा आला, तर तो बरोबर आहे.

सराव या क्रमाने करावा :

- 'डॉन' : ७ मात्रा, संथ. सात मात्रांचा रूपक ताल मोजता येणाऱ्याला ही पहिल्याच दिवशी जमते.
- 'व्हायटल ट्रान्स्फॉर्मेशन' : ९ मात्रा, जलद. सुरुवातीला एकटा ड्रम आहे, मोजणी तिथेच पक्की करून घ्या.
- 'द डान्स ऑफ माया' : १० आणि २० मात्रा.
- 'बर्ड्स ऑफ फायर' : १८ मात्रा.
- 'सेलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स' : १९ मात्रा. ही शेवटी ठेवा.

यांतल्या पहिल्या तीन रचना पहिल्या अल्बममधल्या, उरलेल्या दोन १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर' या अल्बममधल्या आहेत.

'द डान्स ऑफ माया'जवळ थोडे थांबा. सुरुवातीला गिटारवर सूर एकामागून एक मोकळे होत जाणारा एक अस्वस्थ तुकडा येतो, त्याच्या मात्रा १०. तो पक्का झाला की मध्ये एक झुलता, मातीच्या वासाचा ब्लूज सुरू होतो, त्याचे आवर्तन २० चे. ऐकणाऱ्याला वाटते की पहिला भाग संपला आणि दुसरा आला. शेवटाकडे मात्र सुरुवातीचा १० मात्रांचा तुकडा परत येतो आणि तो २० मात्रांच्या झुलत्या ठेक्यावर जसाच्या तसा जाऊन बसतो. मी उजव्या हाताच्या पेरांवर १० मोजत होतो आणि डाव्या हाताने मांडीवर झुलता ठेका धरला होता. उजव्या हाताची दोन आवर्तने पूर्ण झाली आणि दोन्ही हातांची सम एका ठिकाणी पडली. आपल्याकडच्या तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर येताना जो आनंद होतो, त्याच जातीचा तो आनंद होता. ही जागा सापडेपर्यंत रचना सोडू नका.

मोजताना होणाऱ्या चुका तीन. पहिली, संथ ठोका मोजायचा की त्याच्या आतली जलद स्पंदने, हे न ठरवता मोजणे. त्याने कधी ९ तर कधी १८ असा आकडा येतो आणि आपण गोंधळतो. एकच लय धरून ठेवा. दुसरी, ड्रमवरून सम शोधणे. कोबम हे ठेका देत बसणारे वादक नाहीत. ते आवर्तनाच्या आत सतत बोलत असतात, म्हणून नवख्याने त्यांच्यावर विसंबू नये. तिसरी, खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) आणि विभाग शोधणे. १० मात्रा आल्या म्हणजे झपताल आला असे नाही. झपतालाची २-३-२-३ ही विभागणी, त्याची खाली, त्याचा ठेका हे सारे येथे नाही. आकडा सारखा आहे, एवढेच. शिवाय आपला ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहतो, तर येथे एकाच रचनेत आवर्तन बदलते. बदलाची जागा वहीत मिनिट-सेकंदांसह लिहून ठेवलीत, तर पुढच्या वेळी हात आधीच तयार राहतो.

५. व्हायोलिनचा माग धरा

पं. द. के. दातार किंवा एन. राजम यांचे गायकी अंगाचे व्हायोलिन ऐकलेल्या कानाला गुडमन यांचे व्हायोलिन आधी ओबडधोबड वाटते. याचे कारण कौशल्यात नाही, त्या व्हायोलिनला करावे लागणाऱ्या कामात आहे. साधे व्हायोलिन लाकडी पेटीच्या जोरावर बोलते. मोठा ड्रमसंच आणि मोठ्या ॲम्प्लिफायरवरची गिटार शेजारी असली की ते ऐकूच येत नाही. समोर मायक्रोफोन ठेवला तर त्यात व्हायोलिनपेक्षा ड्रमच अधिक शिरतो, आणि आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पोकळ पेटीत परत शिरून शिट्टी वाजते. म्हणून घोडीपाशी पिकअप बसवतात. तो तारांच्या कंपनाचे थेट विजेच्या लहरींत रूपांतर करतो आणि तिथून पुढे व्हायोलिनला गिटारचेच सगळे मार्ग मोकळे होतात : ॲम्प्लिफायर, आवाज फाडणारी उपकरणे, पायाखालचे वा-वा पेडल, प्रतिध्वनी.

याचा परिणाम असा की गिटार आणि व्हायोलिन यांचे आवाज एकमेकांच्या इतके जवळ येतात की अनेकदा कोण वाजवत आहे हे कळत नाही. ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. गिटारचा प्रत्येक सूर छेडल्यामुळे सुरू होतो आणि लगेच ओसरू लागतो. व्हायोलिनचा सूर गजावर चालतो, त्यामुळे तो सुरू झाल्यावर वाढू शकतो. सूर मध्येच फुगला, तर ते बहुधा व्हायोलिन. दुसरी खूण म्हणजे गज परततानाची बारीक खरखर. विजेवर वाजणाऱ्या व्हायोलिनमध्ये ती झाकली न जाता उलट मोठी होते. सिंथेसायझर मात्र सूर वाढवूही शकतो आणि वाकवूही शकतो, म्हणून दुसऱ्या अल्बममध्ये तीन जणांत घोळ होतो. तिथे ही खरखरच उपयोगी पडते.

या पायरीसाठी दुसऱ्या अल्बममधल्या दोन रचना घ्या. 'ओपन कंट्री जॉय' ही अमेरिकी ग्रामीण संगीताच्या ढंगात अगदी निवांत सुरू होते, थांबते आणि मग एकदम उसळते. तोच वादक, तेच व्हायोलिन, पण उसळल्यानंतरचा आवाज किती बदलतो हे लागोपाठ ऐकायला मिळते. दुसरी 'वन वर्ड', जवळजवळ दहा मिनिटांची. तिच्यात गिटार, व्हायोलिन आणि सिंथेसायझर यांचे सवाल-जवाब आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारे वाक्य आखूड होत जाते आणि तिघे एकमेकांवर चढत जातात, मग कोबम यांचा लांब एकल ड्रम येतो. सतार-सरोदची जुगलबंदी ऐकलेल्याला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. तिघांपैकी प्रत्येक वाक्य कोणाचे हे वहीत लिहायचा प्रयत्न करा. पहिल्या खेपेला निम्मी उत्तरे बरोबर आली तरी पुष्कळ झाले.

६. अल्बम या क्रमाने ऐका

आधी 'द इनर माउंटिंग फ्लेम' पूर्ण, मग 'बर्ड्स ऑफ फायर' पूर्ण. प्रत्येक अल्बम आठवडाभर पुरवा. ॲपवर ऐकताना रचनांचा क्रम उलटापालटा करणारी सोय बंद ठेवा. दुसऱ्या अल्बममध्ये अर्ध्या मिनिटाहूनही लहान अशी एक रचना आहे, ती आपल्या जागेवरच अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतर 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी' घ्या. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील मैफलीचे हे ध्वनिमुद्रण असून त्यात तीनच लांब रचना आहेत. सुरुवातीला हा अल्बम घेऊ नये, कारण आवाज ओबड आहे आणि विस्तार मोठा. पण त्याच्या जोडीला एक दुर्मीळ सोय आहे. त्याच वर्षी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत या तिन्ही रचना मुद्रित झाल्या होत्या. संचातले मतभेद विकोपाला गेल्यामुळे तो अल्बम तेव्हा निघाला नाही आणि 'द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स' या नावाने थेट १९९९ मध्ये आला. रचनांचे श्रेय कोणाला, हा मतभेदांतला एक मुख्य मुद्दा होता. ट्रायडंटच्या अल्बममध्ये हामर, गुडमन आणि लेर्ड यांच्याही रचना आहेत. एकच रचना आधी स्टुडिओत आणि मग मैदानात ऐकली की ठरलेले किती आणि सुचलेले किती, हे नेमके कळते. माझ्या मते या बँडची सर्वांत चांगली शिकवणी हीच.

पहिला संच १९७३ च्या अखेरीस फुटला. पुढचा 'अपोकॅलिप्स' (१९७४) हा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा, मायकेल टिल्सन थॉमस यांच्या संचालनाखालचा आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी निर्माण केलेला अल्बम. येथे व्हायोलिनवर जाँ-लुक पाँटी आहेत. ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवार या संगीत विद्यालयात शिकलेले, त्यामुळे त्यांचा सूर नितळ, गज सारखा आणि जलद तान स्वच्छ. गुडमन यांच्या वाजवण्यात रॉकची धग आहे, ती येथे नाही. अनेक जाणकार पाँटींना वरचे मानतात. मला गुडमन अधिक जवळचे वाटतात, कारण ते सुराला थोडे खरचटू देतात. 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड' (१९७५) ऐकून तुम्ही तुमचे मत बनवा.

७. तानपुरा लावू नका, राग शोधू नका

मॅक्लॉफ्लिन यांनी अमेरिकेत वीणेचे शिक्षण घेतले होते, हे वाचल्यावर आपल्याकडचा श्रोता प्रत्येक रचनेत राग शोधायला बसतो. एखादी स्वरावली ओळखीची वाटतेही. पण राग म्हणजे नुसती स्वरावली नव्हे, आणि येथे आधाराचा षड्ज स्थिर राहत नाही. खालची स्वरसंगती बदलली की तोच सूर वेगळ्या नात्याने ऐकू येऊ लागतो. मी सुरुवातीला तानपुऱ्याचे ॲप चालू ठेवून ऐकत असे. दोन-तीन मिनिटांनी सगळेच बेसूर वाटू लागे, आणि दोष मी वादकांना देत असे. येथे भारतीय संगीताशी असलेले नाते लयीच्या हिशेबात, सवाल-जवाबात आणि एकाच स्वरवाक्यावर सर्वांनी मिळून तुटून पडण्यात शोधावे.

राग आणि ताल यांची ओढ फारच असेल, तर 'शक्ती'कडे वळावे, पण वरचे सारे झाल्यावर. मॅक्लॉफ्लिन यांनी उस्ताद झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह हा बँड उभारला. १९७५ च्या जुलैमधील मैफल त्यांचा पहिला अल्बम म्हणून १९७६ साली आली. येथे गिटार विजेशिवायची आहे आणि व्हायोलिनही. म्हणजे आधी वीज लावून ऐकलेले नाते आता वीज काढून ऐकायला मिळते. शंकर यांनी पुढे स्वतःसाठी दोन दांड्यांचे, दहा तारांचे इलेक्ट्रिक व्हायोलिन घडवून घेतले, ही गोष्टही लक्षात ठेवावी. शक्तीच्या २०२३ च्या अल्बममध्ये शंकर महादेवन यांचा आवाज आहे, त्याला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. मुंबईकर श्रोत्यांना या टोकाकडून आत शिरणे सोपे वाटेल, पण त्या सोपेपणामुळे महाविष्णू मागेच राहून जातो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

८. स्वतः व्हायोलिन वाजवत असाल तर

ऐकता ऐकता हात शिवशिवू लागतात, म्हणून माझ्या पुतणीबरोबर केलेल्या प्रयोगातून शिकलेले थोडे सांगतो. इलेक्ट्रिक व्हायोलिन लगेच विकत घेऊ नका. सरावाच्या जुन्या व्हायोलिनच्या घोडीला लावता-काढता येणारा पिकअप आधी घ्या. चांगल्या वाद्यावर प्रयोग नकोत, कारण घोडी हलली तर नाद बदलतो.

लागणाऱ्या वस्तू चार : पिकअप, प्रीॲम्प, केबल आणि छोटा ॲम्प्लिफायर. यांतला प्रीॲम्प, म्हणजे पिकअप आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये बसणारे छोटे उपकरण, बहुतेक जण गाळतात. आम्हीही पिकअपची केबल थेट हार्मोनियमच्या माइकसाठी ठेवलेल्या मिक्सरमध्ये घातली होती, आणि आवाज पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा पातळ आला. दुकानदाराने पिकअप बदलून घ्यायला सांगितले, पण दोष पिकअपचा नव्हता. अशा पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेले प्रवेशद्वार (इनपुट) लागते. मिक्सरचे तसे नसते, म्हणून खर्जाचा भाग गळून जातो. मध्ये प्रीॲम्प घातल्यावर त्याच पिकअपमधून खालची तार भरून बोलू लागली.

मांडी घालून वाजवणाऱ्यांनी केबल पायाखाली अडकणार नाही अशी मागच्या बाजूने घ्यावी आणि ॲम्प्लिफायर आपल्या तोंडासमोर ठेवू नये, नाहीतर शिट्टी वाजते. तरीही वाजलीच, तर आवाज कमी करण्याआधी वाद्य थोडे फिरवून पाहा. पहिले दोन आठवडे कोणतेही पेडल जोडू नका. विजेवर गजाचा प्रत्येक दोष मोठा होऊन ऐकू येतो, आणि तो आधी दुरुस्त करावा लागतो. पुतणीने पहिला महिना रोज फक्त एक लांब सूर धरला, मी शेजारी बसून ७ मोजत होतो, आणि समेवर गज परतला की नाही एवढेच आम्ही पाहत होतो.